वाड्यातली माजघराची भिंत आणि सोप्याचे दोन खांब काढावेत का?

कृष्णाकाठ यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार.

वाईत आमचे वडिलोपार्जित दुमजली घर आहे. ते पणजोबांच्या काळातले, म्हणजे शंभरी ओलांडलेले. खाली पाच खणांचा सोपा (खण म्हणजे दोन खांबांमधला गाळा), त्याच्या मागे माजघर, माजघराच्या एका अंगाला देवघर आणि दुसऱ्या अंगाला स्वयंपाकघर, वर माडी आणि माडीवर मंगलोरी कौलांचे छप्पर अशी मांडणी आहे. जोते आणि बाहेरच्या भिंती दगडमातीच्या, आतल्या भिंती कच्च्या विटांच्या आणि माडीची जमीन कडीपाटावर, म्हणजे लाकडी कड्या आणि त्यांवरच्या फळ्यांवर, मातीचा जाड थर चोपून केलेली आहे. सोपा तीस फूट लांब व सोळा फूट रुंद असून त्याच्या मधोमध, लांबीच्या दिशेने, चार सागवानी खांब एका रांगेत उभे आहेत. दोन खांबांमध्ये सहा फुटांचे अंतर आहे. सोपा आणि माजघर यांच्यामध्ये दीड फूट जाडीची भिंत असून तिला एकच अरुंद दार आहे.

माझ्या आईचे वय ७८ आहे. गेल्या वर्षी तिच्या खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली आणि आता ती वॉकर धरून चालते. तिची खाट माजघरात आहे, जिथे भर दुपारीही दिवा लावावा लागतो, आणि बाहेर यायचे तर तिला उंच उंबरा ओलांडावा लागतो. तिला पडल्या पडल्या अंगणातले तुळशीवृंदावन दिसावे, उजेड मिळावा, आणि घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलता यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. म्हणून ही मधली भिंत पूर्ण काढायची, सोप्यातले मधले दोन खांब काढायचे आणि सगळी मिळून एक मोठी खोली करायची, असा विचार आहे. तिच्यासाठी जवळच न्हाणीघर करून माडीवर एक हजार लिटरची पाण्याची टाकीही ठेवायची आहे.

ज्या ठेकेदाराला घर दाखवले, त्याचे म्हणणे असे की भिंत मातीची असल्यामुळे तिच्यावर भार असण्याचा प्रश्नच नाही, आणि खांबांवरची आडवी तुळई या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसंध दिसते, त्यामुळे मधले खांब केवळ शोभेचे आहेत. चार दिवसांत काम करून देतो, असे तो म्हणतो. काकांचे मतही असे आहे की १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात जे घर हलले नाही, त्याला दोन खांब काढल्याने काही होणार नाही. मला मात्र रात्री झोप लागत नाही. भिंत आणि खांब भार घेतात की नाही, हे कसे ओळखावे? आणि ते काढणे शक्य असेल, तर कोणत्या क्रमाने काढावेत?


ओळंबा यांचे उत्तर

मी निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे आणि सातारा-पुणे भागातल्या बऱ्याच जुन्या घरांच्या दुरुस्तीत काम केले आहे. घर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कोणी ठाम सल्ला देऊ नये आणि आपणही तसा घेऊ नये. पण आपण मापे दिली आहेत, त्यावरून हिशेब मांडता येतो आणि तो आपल्या ठेकेदाराच्या म्हणण्याच्या विरुद्ध जातो.

प्रथम आपण वर पाहा. कडीपाटात कड्या कोणत्या दिशेने गेल्या आहेत, यावर सगळे अवलंबून आहे. आपल्या वर्णनावरून कड्या सोप्याच्या रुंदीच्या दिशेने असाव्यात: समोरच्या भिंतीवरून निघून मधल्या तुळईवर आणि तिथून पुढे माजघराच्या भिंतीवर. तसे असेल, तर ज्या भिंतीवर कड्यांची टोके टेकली आहेत ती भिंत भार घेणारीच आहे, मग ती मातीची असो की दगडाची. आपल्या भिंतीवर तर दोन्ही बाजूंनी कड्या येत असणार, सोप्याच्या एका अंगाने आणि माजघराच्या दुसऱ्या अंगाने.

आता एका खांबाचा हिशेब करू. खांबाच्या वाट्याला सहा फूट बाय आठ फूट, म्हणजे साधारण ४.५ चौरस मीटर जमीन येते. माडीच्या जमिनीवर १५ सेंटीमीटर मातीचा थर धरला, तर दर चौरस मीटरला मातीचेच सुमारे २५० किलो होतात. त्यात कड्या व पाट यांचे चाळीसेक किलो आणि माणसे, सामान यांच्यासाठी भारतीय मानकांप्रमाणे घरगुती वापराला धरायचे २०० किलो मिळवले, की आकडा पाचशेच्या घरात जातो. म्हणजे एका खांबावर दोन टनांहून थोडे अधिक वजन केवळ माडीच्या जमिनीचे आहे. माडीवरही त्याच रांगेत खांब असतील, तर छपराचा अर्धा टन त्यात मिळवा. पावणेतीन टन वजन ज्याच्या डोक्यावर आहे, त्या खांबाला शोभेचा म्हणता येत नाही.

मधले दोन खांब काढले, तर तुळईचा मोकळा पल्ला सहा फुटांवरून अठरा फुटांवर जाईल. पल्ला तिप्पट झाला की तुळईला वाकवणारा जोर नऊपट होतो, आणि तिचा झोळ, म्हणजे मध्यभागी ती जितकी खाली येते ते अंतर, तब्बल ८१ पट होते. दोन मिलिमीटर वाकणारी तुळई किती वाकेल, याचा आपणच विचार करावा. अर्थात तितकी वाकेपर्यंत ती टिकणारच नाही.

यात आणखी एक गोष्ट आहे, जी लोक हमखास विसरतात. काढलेल्या खांबांचे वजन नाहीसे होत नाही, ते शेजाऱ्याकडे जाते. मधले दोन खांब काढून अठरा फुटांचा लोखंडी गर्डर घातला, तर राहिलेल्या दोन खांबांवरचा भार पावणेतीन टनांवरून पाच टनांच्या पुढे जाईल. तो भार त्यांच्या तळखड्यांना (खांबांखालच्या दगडांना), तळखड्यांखालच्या मातीला आणि शंभर वर्षे एका ठरावीक वजनाची सवय झालेल्या जोत्याला पेलेल का, हे खोदून पाहिल्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही. गर्डर तीनशे मिलिमीटर उंचीचा घ्यावा लागेल. त्याचे वजन मीटरला ४४ किलोच्या आसपास, म्हणजे पूर्ण तुकडा अडीचशे किलोंच्या वर. तो आपल्या बोळातून आत कसा आणणार, हा प्रश्नही आहेच.

काही जण गर्डरचे टोक जुन्या भिंतीत खाच पाडून बसवतात. हा प्रकार मला सर्वांत धोक्याचा वाटतो. टोकावरचा चारेक टनांचा भार जर वीतभर लांब आणि चार बोटे रुंद जागेवर आला, तर दर चौरस सेंटीमीटरला वीस किलोंच्या पुढे दाब येतो. चिखलात बांधलेली भिंत याच्या एका छोट्या अंशापुरतीच समर्थ असते; ती त्या जागी भुसा व्हावा तशी चिरडत जाते. म्हणून टोकाखाली स्वतंत्र लोखंडी खांब आणि त्याला स्वतंत्र पाया द्यावा लागतो.

आता मला जे खरे सांगायचे आहे ते असे. आपल्याला मोठी खोली हवी आहे की आईंना उजेड, तुळस आणि सोपी वाट हवी आहे? रुग्णालयातल्यासारखी खाट सव्वातीन फूट रुंद असते. दोन खांबांत सहा फूट मोकळे आहेत. खाट, वॉकर, वेळ पडलीच तर चाकाची खुर्ची, हे सगळे त्या खांबांमधून सहज जाते. खांब आपल्या कामाच्या आड येतच नाहीत. आड येते ती भिंत, आणि तीही पूर्ण नव्हे, तिच्यातला एक खण.

टाकीचा विचार मात्र आजच सोडून द्यावा. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन, आणि तो एकाच जागी. टाकी अंगणात स्वतंत्र चौथऱ्यावर ठेवा.


दगडी जोते यांचे उत्तर

वरचे उत्तर वाचून राहवले नाही, म्हणून आमच्या घरी घडलेले लिहितो.

आमचे घर मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, पेठेच्या रस्त्यावर. दर्शनी दोन खण दुकानासाठी भाड्याने द्यायचे म्हणून वडिलांनी शटर बसवायचे ठरवले, आणि शटरच्या मध्ये येणारा एक खांब स्थानिक मिस्त्रीने एका दुपारी कापून काढला. त्याने खालून दोन बल्ल्यांचे टेकू दिले होते, खांब काढल्यावर तुळईखाली एक लोखंडी पट्टी ठोकली आणि संध्याकाळी टेकू काढून घेतले. काहीही झाले नाही. घरातले सगळे समाधानाने जेवले.

पुढच्या दोन महिन्यांत जे होत गेले, ते आम्हाला दिसत होते, पण कळत नव्हते. प्रथम माडीवरच्या खोलीचे दार घासू लागले. आम्ही सुताराला बोलावून त्याची कड रंधून घेतली. मग एका कोनाड्याच्या कोपऱ्यातून केसासारखी भेग निघाली. ती आम्ही पुट्टीने भरली. मग कडीपाटाच्या एका फटीतून पांढरी माती झरू लागली. आजीच्या अंथरुणावर रोज सकाळी चमचाभर माती पडलेली असे आणि आई ती चादर झटकून टाकत असे. ज्या रात्री झटकलेल्या चादरीवर तासाभरात पुन्हा मातीची रेघ उमटली, त्या रात्री वडिलांनी आजीची खाट मागच्या पडवीत हलवली. पहाटे पावसाला सुरुवात झाली आणि त्या दोन खणांची माडी, तिच्यावरच्या भिंतीसह, खाली आली. माणूस कोणी त्याखाली दबला नाही, ही देवाची कृपा.

राडारोडा उपसताना कळले की तुळई एकसंध नव्हतीच. दोन तुळया त्या खांबाच्या डोक्यावर येऊन मिळत होत्या आणि खांबाच्या माथ्यावर जो कोरीव आडवा हस्त होता, त्याने तो सांधा झाकला होता. खांब गेल्यावर दोन्ही टोके केवळ त्या पट्टीवर आणि वरच्या मातीच्या घट्टपणावर लटकली होती. आपल्या ठेकेदाराला तुळई एकसंध दिसते, असे आपण लिहिले आहे. कृपया शिडी लावून स्वतः पाहा.

गाव मुंबईपासून दूर असले, तरी हा अपघात गावंढळपणाचा नाही. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरमध्ये चार मजली इमारत कोसळून १७ जण गेले, तेव्हाही तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलांत आधाराचे खांब तोडले गेल्याचा आरोप झाला होता. ती इमारत काँक्रीटची होती, आमचे घर लाकडामातीचे. खांब काढला की दोन्हींची गत सारखीच होते.


कडीपाट यांचे उत्तर

मी वाड्यांच्या लाकूडकामाच्या दुरुस्तीचे काम करतो. दगडी जोते यांनी सांध्याविषयी लिहिले आहे ते अगदी बरोबर आहे, आणि त्याचे कारण सांगितले तर आपल्याला घर वाचता येईल.

जुन्या सुताराने घराचा विचार खणांत केला. सहा-सात फुटांचे सरळ, निर्दोष सागवान मिळते, वाहून आणता येते, चार माणसांना उचलता येते. तीस फुटांचे मिळत नाही. म्हणून तुळई खणाखणाने जोडत जायची आणि प्रत्येक सांधा खांबाच्या डोक्यावर आणायचा, हे त्याचे व्याकरण होते. रंगाचे थर, दिवाळीला दिलेला ऑइलपेंट आणि वरून मारलेली पट्टी यांमुळे तो सांधा आज दिसत नाही. हस्ताच्या वरच्या बाजूला रंग खरवडून पाहा, किंवा पातळ पाते तुळईच्या पोटाला लावून हळूहळू सरकवत न्या. सांध्यात ते आत शिरते.

दुसरी गोष्ट भिंतीविषयी. आपल्या माजघराच्या भिंतीतही बहुधा सोप्याच्या खांबांच्या रेषेत खांब गाडलेले असतील. वाड्यात लाकडी सांगाडा आधी उभा राही आणि भिंत नंतर त्याच्या अंगाने भरली जाई. बोटांच्या पेरांनी भिंत ठोकत चाला. मातीचा आवाज बसका येतो आणि खांब असलेल्या जागी तो टणक व वेगळा येतो. खुंट्या आणि कोनाडे कुठे आहेत तेही पाहा. कोनाडा नेहमी दोन खांबांच्या मधल्या भागात असतो, कारण खांबावर तो पाडताच येत नाही.

मात्र भिंतीत खांब सापडले, म्हणजे उरलेली भिंत निरुपयोगी भरण आहे, असा अर्थ काढू नये. ओळंबा यांनी उभ्या भाराचा हिशेब दिला. मी आडव्या जोराविषयी सांगतो. लाकडी खांब तळखड्यावर नुसता उभा असतो, त्याला खाली काही धरून ठेवत नाही. चार खांब आणि वर एक तुळई, एवढाच सांगाडा ठेवला तर तो पत्त्यांच्या घरासारखा एका अंगाला कलू शकतो. मधली मातीची भिंत त्याला कलू देत नाही. आपल्या काकांनी कोयनेच्या भूकंपाचा दाखला दिला आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे आपले घर उभे राहिले ते हे खांब आणि या भिंती एकमेकांना धरून होत्या म्हणून. तो दाखला त्या काढण्याच्या बाजूने वापरता येणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात याच्या दोन्ही बाजू दिसल्या: जाडजूड दगडमातीच्या भिंती, ज्यांच्या आतल्या व बाहेरच्या थरांना जोडणारे आरपार दगडच नव्हते, त्या फुटून माणसांवर कोसळल्या, आणि अनेक ठिकाणी जिथे छप्पर लाकडी खांबांवर पेललेले होते, तिथे भिंती ढासळूनही छप्पर खांबांवर तसेच राहिले.

म्हणून माझे मत असे आहे की पाच खणांपैकी मधला एकच खण मोकळा करावा आणि दोन्ही टोकांकडचे दोन-दोन खण भरलेले ठेवावेत. मोकळ्या केलेल्या खणाच्या दोन्ही वरच्या कोपऱ्यांत खांब आणि तुळई यांना जोडणारे तिरके सागवानी आधार द्यावेत. ते दिसायलाही वाड्याला शोभतील.


उंबरठा यांचे उत्तर

तांत्रिक बाबींवर जाणकारांनी लिहिलेच आहे. दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगते. घर वडिलोपार्जित आहे आणि काका हयात आहेत. वाटणी झालेली नसेल, तर सर्व हिस्सेदारांची लेखी संमती आधी घ्या. शेजारच्या घराशी भिंत सामाईक असेल, तर त्यांनाही कळवा आणि काम सुरू होण्यापूर्वी त्यांच्या बाजूच्या भेगांची तारखेसह छायाचित्रे काढून ठेवा. नगरपरिषदेत लेखी विचारणा करा आणि परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सही-शिक्क्याचा आराखडा हातात असल्याशिवाय कोणालाही छिन्नी लावू देऊ नका.


कृष्णाकाठ यांचे प्रत्युत्तर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. दोन रविवार मी आणि माझा मुलगा शिडी घेऊन घर पाहत होतो. जे दिसले ते मांडतो.

तुळई एकसंध नाही. चारही खांबांवर सांधे आहेत. पातळ पाते एका ठिकाणी दीड इंच आत गेले. कड्या ओळंबा यांनी लिहिले त्याच दिशेने आहेत, आणि माजघराच्या भिंतीवर दोन्ही बाजूंनी येतात. खालचा आणि वरचा नकाशा वेगवेगळ्या ट्रेसिंग कागदांवर काढून एकावर एक ठेवले, तेव्हा माडीवरची मधली भिंत बरोबर या भिंतीच्या डोक्यावर आली. ठेकेदार जिला बिनभाराची म्हणत होता, तिच्यावर दोन खोल्यांची जमीन आणि वर आणखी एक भिंत आहे.

कडीपाट यांनी सांगितल्याप्रमाणे ठोकून पाहताना चार जागी आवाज बदलला. मधल्या खणाच्या डाव्या बाजूला दीड फुटाचा गिलावा सोलून पाहिला. आत खांब निघाला. वर तो इतका सुंदर आहे की त्यावरचे रंध्याचे फटकारे अजून दिसतात. पण जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत तो काळा पडला आहे आणि पेचकस दाबला तो लोण्यात जावा तसा दोन इंच आत गेला. वीस वर्षांपूर्वी आम्ही त्या भिंतीला दोन्ही बाजूंनी सिमेंटचा गिलावा करून घेतला होता, ओल येते म्हणून. खांबाचा पायच उरला नसेल, तर इतकी वर्षे भार कोण घेत आहे?


ओळंबा यांचे उत्तर

भिंत घेत आहे. पाय कुजू लागला तसा खांब थोडा थोडा खचला, आणि त्याच्या वाट्याचे वजन कड्यांच्या टोकांतून भोवतालच्या कच्च्या विटांवर उतरत गेले. ज्या भिंतीला शंभर वर्षांपूर्वी दुय्यम काम दिले होते, ती आज मुख्य काम करत आहे. ठेकेदाराने चार दिवसांत ती पाडली असती, तर काय झाले असते हे मी लिहीत नाही. दगडी जोते यांनी लिहिले आहे.

सिमेंटच्या गिलाव्याने ओल थांबत नाही, ती आत कोंडते. मातीची भिंत जमिनीतली ओल ओढते आणि उघड्या अंगाने वाळवते; दोन्ही अंगे बंद केल्यावर ती ओल लाकडाच्या पायाशी साचली. तो गिलावा टप्प्याटप्प्याने उतरवून चुन्याचा किंवा मातीचा गिलावा करावा लागेल.

आता क्रम बदलतो. आधी खांब बरे करायचे, नंतरच खण मोकळा करायचा. पावसाळा संपून भिंती वाळू द्या. दिवाळीनंतर काम सुरू करा आणि उन्हाळ्याअखेर संपवा. भेगा दिसत असतील, तर आजच त्यांच्यावर काचेच्या पातळ पट्ट्या दोन्ही टोकांना चिकटवून ठेवा. पट्टी तडकली, तर घर हलते आहे.

टेकूंविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण अपघात बहुधा इथेच होतात. भिंतीच्या दोन्ही बाजूंना, भिंतीपासून अडीच-तीन फुटांवर, कड्यांच्या खाली आडवा लाकडी ओंडका किंवा गर्डर आणि त्याखाली लोखंडी जॅकची रांग लागेल. एकाच बाजूला टेकू देऊन भागणार नाही, कारण कड्या दोन्ही बाजूंनी येतात. माडीवरची भिंत आणि तिच्यावरचे छप्पर यांनाही त्याच रेषेत वर स्वतंत्र टेकू हवेत. जॅक शहाबादी फरशीवर उभे करू नका. फरशी उचलून खालची जमीन चोपा, तिच्यावर जाड फळ्या टाका आणि मग जॅक लावा. जॅक फिरवताना घर उचलायचे नाही, फक्त त्याला आधार पोहोचवायचा. कडीपाट कुरकुरला की थांबायचे, रात्रभर तसेच ठेवायचे आणि सकाळी प्रत्येक जॅकवर हात ठेवून तो घट्ट आहे का ते पाहायचे. खांबाशेजारी एक ओळंबा टांगून त्याचे टोक जमिनीवर खुणेने नोंदवा आणि रोज पाहा. एका वेळी एकाच खांबाचे काम करा. दुसऱ्याला हात लावण्यापूर्वी पहिल्याला पूर्ण भार घेऊ द्या.

कुजलेला भाग कापल्यावर जुन्या सागवानाचाच नवा पाय जोडायचा की तळखडा उंच करून घ्यायचा, हे कडीपाट यांच्यासारख्या माणसाने जागेवर ठरवावे. मला स्वतःला उंच दगडी तळखडा बरा वाटतो, कारण लाकूड ओलीपासून कायमचे दूर होते.


कडीपाट यांचे उत्तर

हातभरच कुजले असेल, तर दगड उंच करणे योग्य. त्याहून वर गेले असेल, तर पाय जोडावा लागेल. तो सरळ कापून खिळे मारून जोडू नये, दोन्ही तुकड्यांना लांब तिरकस खाच घेऊन, एकमेकांवर बसवून, आरपार बोल्टांनी आवळावा. कापण्यापूर्वी कणखर लाकूड नेमके कुठे सुरू होते, हे बारीक गिरमिटाने दर दोन इंचांवर भोक पाडून पाहा. बाहेर येणारा भुसा काळसर आणि ओलसर असेल तोवर वर सरकत राहा. सोनेरी, तेलकट आणि सागाचा वास असलेला भुसा आला की तिथे थांबा. उरलेले तिन्ही गाडलेले खांब आणि सोप्याचे चार खांबही याच पद्धतीने तपासून घ्या. वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या, तर तो उपचार आधी.


कृष्णाकाठ

परवा एक स्ट्रक्चरल इंजिनिअर घर पाहून गेले. त्यांचे मत आपल्याशी जुळते: सोप्याच्या खांबांना हात लावायचा नाही, भिंतीतल्या चारही खांबांचे पाय आधी दुरुस्त करायचे आणि नंतर मधला एकच खण उघडायचा. त्याच्या उघड्या बाजूंना तिरके आधार त्यांनीही सुचवले. भिंतीवरच्या भागासाठी खणाच्या माथ्यावर दोन गर्डर शेजारी शेजारी, आणि त्यांच्या टोकांखाली स्वतंत्र लोखंडी खांब, असे त्यांनी काढून दिले आहे. आराखडा आला की नगरपरिषदेत जाईन. काकांनी ट्रेसिंग कागद पाहिल्यावर संमती दिली. टाकी अंगणात होईल.

दिवाळीपर्यंत आईला अंधारात ठेवायचे नव्हते, म्हणून तिची खाट कालच सोप्यात आणली आहे, दुसऱ्या आणि तिसऱ्या खांबाच्या मध्ये. दार उघडे असले की तिला वृंदावन दिसते. आज सकाळी ती वॉकरकडे न बघता उजव्या हाताने खांबाचा कंगोरा धरून उठली आणि दोन पावले टाकून थांबली. खांबाला त्या उंचीवर गुळगुळीत काळपट झाक आहे. आजीही तिथेच हात ठेवून उठत असे.

एक शेवटची विचारणा. चुन्याचा गिलावा करणारे गवंडी वाई, भोर किंवा सातारा भागात कोणाच्या माहितीत असतील, तर कृपया खाजगी निरोपाने कळवावे. नमुन्यादाखल मी भिंतीचा हातभर तुकडा आधी त्यांच्याकडून करून घेणार आहे.